राणीच्या घागऱ्याखाली

"आजोबा, राणीच्या घागऱ्याखाली काय असतं हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून कातालोनियातल्या त्या गावात, ऑगस्टच्या जत्रेच्या सकाळी, बेकरीच्या रांगेत कॉलेजात जाणाऱ्या केराल्तने ओलेगेर आजोबांना खुशाल विचारलं.

"मी असतो, पोरी! लाकूड-कागदाची तेवढी उंच बाई मिरवणुकीत नाचवतो कोण मग? पण आज खांदा धरलाय."

"म्हणजे राजा एकटाच नाचणार?" रांगेतला त्यांचा मित्र बर्नात म्हणाला. "विधुर दिसेल बिचारा! तुझ्या पुतण्याला घाल की आत."

"तो हातांनी उचलतो लेकाचा! काल सरावात राणीने पाद्रीबाबांना लोटांगण घातलं."

"मग कशाने उचलायची?" केराल्तने विचारलं.

"चौकट खांद्यांवर घ्यायची आणि गुडघ्यांनी उठायचं. गिरकी घेताना घागऱ्याच्या खिडकीतून बाहेर बघायचं नाही, भोवळ येते."

"मी उचलून बघू?"

"तू? आजवर राणीच्या आत मिशाच होत्या!"

"मिशांनी उचलता का, आजोबा?"

बर्नात खो-खो हसला. "चल, ओलेगेर, बघू दे तिला!"

तासाभराने लालबुंद खांदे घेऊन केराल्त घरात घुसली.

"आई, बाबा, ठरलं! आज राजाबरोबर मी नाचणार!"