हात दाखव

आमच्या यायच्या, म्हंजे बेबीच्या बाबाच्या, मोटारीचं याड तुमाले माईतच हाये. जुनीच मोटार, पण सकाळी उठून आधी तिले पुसत, मंग सोताचं तोंड धूत. तवा आमची बेबी तीन वर्षांची. ती मोटारीजवळ गेली की हे ओरडत, "हात दाखव!" मीच तिले शिकवलं, "झग्याले हात पुसून घेत जा, म्हंजे बाबा रागावत नाहीत."

मंग मी बेबीले घेऊन वडनेरले माहेरी गेली. मोटारीपायचं हे 'हात दाखव' तिथंही साऱ्यायले माईत होतं. आठ दिवसांनी हे न्यायले आले. मोटार बिघडली होती म्हणून एस्टीनं आले. अंगणात सारे बसले होते अन् बेबी आंबा खाऊन राह्यली होती. यायनं हात पसरले, "ये बेटा!"

पोरगी पळत निघाली अन् मधातच थांबली. झग्याले खसाखसा हात पुसले, दोन्ही तळवे वर केले अन् म्हणे, "बाबा, पाहा. आता घेता?"

मंग माहे वडील हळूच म्हणाले, "जावईबापू, मोटार तं घरीच राह्यली. मंग ही हात काऊन पुसून राह्यली?"

इचारलं यायले, पण मान खाली गेली माही.