ऊन कमी पडतंय

बेकरीच्या रांगेत म्हाताऱ्या डेस्मंडच्या पुढे अनोळखी बहीण-भाऊ उभे होते. बाहेर ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टेकड्यांवरून भाजून काढणारा वारा सुटला होता.

"ट्रेंट, बाबांच्या गाडीचं काय केलंस?"

"वीस टक्क्यांच्या वर चार्जच होत नाही आता. छतावरच्या सोलरची वीज आधी घरच्या बॅटरीत जाते. सगळं माझ्या फोनवरून."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"सांगितलंय, ऊन कमी पडतंय."

"जानेवारीत? भर उन्हाळ्यात?"

"पटतं त्यांना. दुकानापर्यंत जाऊन येतात, तेवढं पुरे. मागच्या वेळेसारखं रस्ता चुकून भलतीकडे जायला नकोत."

"अरे, पण उद्या वणव्याचा इशारा आहे. पळायची वेळ आली तर ती जुनी गाडी वीस टक्क्यांत शहर गाठेल?"

"मी जाईन ना आणायला."

"आणि वरचा रस्ताच बंद केला तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"आजच्यापुरती भरू दे रे."

"भरली आणि आजच निघाले कुठेतरी, तर?"

"आजोबा, तुम्हाला काय देऊ?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

डेस्मंड काहीच न घेता बाहेर पडला. गाडीत बसून त्याने बॅटरीचा आकडा पाहिला. अठरा टक्के; महिन्याभरात तो वीसच्या वर गेलाच नव्हता. काचेतून ऊन मांडीवर चटके देत होतं. त्याने लेकीला फोन लावला.

"जॅनीन, आपल्या छतावर ऊन अजून कमीच पडतंय का गं?"

"हो बाबा, ढग असतात ना हल्ली. का?"

"काही नाही. आजचा दिवस गाडी पूर्ण भरू दे, बाळा. मी कुठे जाणार नाही."