पेटीत राहिलेला कागद

माझं गाव मुखेडकडचं, पण खरं सांगू का, मी वाढले ती उसाच्या फडात. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला कारखान्याकडं निघायचे आणि आम्ही दोघी बहिणी ट्रॅक्टरवर भांड्यांच्या पोत्यावर बसायचो. निघायच्या आधी आईचं एक काम ठरलेलं, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, सगळे कागद पत्र्याच्या पेटीत घालायचे, कुलूप लावायचं आणि पेटी चुलतीच्या घरी ठेवायची. फडावरची कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, ती कधी पेटंल सांगता येत न्हाई, म्हणून मोलाचं काही तिकडं न्यायचं नाही, हे आमच्या अंगातच मुरलेलं.

मी दहावी झाले म्हणून बायांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेत लागले. लई छोटी संस्था, आम्ही दोघी बाया आणि एक डॉक्टरीणबाई. काय सांगू तुम्हाला, तोडीला गेलेल्या बाईचं नाव गावच्या दवाखान्याच्या वहीत असतं पण बाई तिथं नसते, आणि कारखान्याकडं बाई असते पण तिचं नाव कुठंच नसतं. म्हणून आम्ही गरोदर बायांना निघायच्या आधी तपासून कार्ड द्यायचो. पहिल्याच वर्षी माझी धाकटी, काशी, पाचव्या महिन्यात होती. बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, कार्डावर लाल पेनानं लिहिलं की गोळ्या संपल्या की जवळच्या दवाखान्यात हे दाखवा. मी म्हणलं, काशे, लई मोलाचं कार्ड हाय, हरवू नको. ती हसली, म्हणली, हाव गं आक्का, तू तर मास्तरीणच झालीस.

तिनं ते हरवलं नाही.

फडावर गोळ्या संपल्या. डोकं दुखलं तर ऊन लागलं असंल म्हणून ती मोळ्या वाहत राहिली. झटके आल्यावर नवऱ्यानं दवाखान्यात नेलं, तिथं आधीचे कागद मागितले, तो म्हणला, गावाकडं हिच्या आईच्या पेटीत हायत. मग मला फोन आला, मी सगळं सांगितलं, पण उशीर झाला होता. काशी गेली, लेकरूही गेलं.

दिवसकार्य झाल्यावर चुलतीनं पेटी उघडली. आईच्या लुगड्याच्या फडक्यात कार्ड गुंडाळलेलं, कोपराही दुमडला नव्हता. सोबत ने, एवढंच मी म्हणायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं तर ठीक, पण मी तर तीच पेटी दरवर्षी भरताना बघत वाढले होते ना.

तेव्हापासून मी कार्डासाठी बटवे शिवते, आतून मेणकापड, गळ्यात अडकवायला नाडी. पहिल्यांदा बाया हसायच्या, काय वं ताई, मंगळसूत्राला सवत आणली का. आता आपणहून मागतात. मागं कर्नाटकातल्या कारखान्याहून एकीचा फोन आला, तिथल्या नर्सला मराठी येईना, पण कार्डावरचे बीपीचे आकडे बघून नर्सनं तिला दवाखान्यात ठेवूनच घेतलं. ती बाळाला घेऊन परत आली. मी ते बाळ मांडीवर घेतलं, मग लवकर खाली ठेवता येईना.

निधी देणारे विचारतात, बाया अर्धं वर्ष गावातच नसतात, मग तुमचं काम दिसणार कुठं. पैसा कमी येतो, म्हणून डॉक्टरीणबाई आता महिन्यातून एकदाच येतात.

तरी ट्रॅक्टर निघायच्या दिवशी मी फाट्यावर जाते. पोत्यावर बसलेली प्रत्येक पोर पाठमोरी काशीच वाटते. गरोदर असंल तिच्याजवळ जाते, बटवा गळ्यात आहे ना, हात लावून बघते, आणि तिला नि तिच्या नवऱ्याला म्हणते, दोघं निघालात माय, तिघं होऊन या.