जानू पाष्टेचा खांदा

बसा, बसा! मागच्यांनी पुढं सरका, पुढं जागा आहे. निरूपण झालं, बुक्का लागला, हार गळ्यात पडला. आता आख्यान. पण आख्यानाआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. मंडळी, देवाला भेटायला जायचं, तर पोट कसं हवं? रिकामं की भरलेलं?

"रिकामं!" — कोण बोललं? आजोबा, तुम्ही? वा! आणि आज दुपारी काय जेवलात? श्रीखंड-पुरी! म्हणजे रिकामं पोट देवासाठी आणि भरलेलं स्वतःसाठी! हसू नका हो, सगळ्यांचं तेच आहे. आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या काकू मघापासून माझ्या पोटाकडे बघून पदर तोंडाला लावतायत. बघा, खुशाल बघा! उपरण्याखाली ते मावत नाही, मलाही ठाऊक आहे. माझ्याकडे शेवटी येऊ. आधी जानूकडे जाऊ.

संगमेश्वराच्या अंगाला कोंडतळे नावाचं गाव. डोंगराच्या पोटात चाळीस घरं, खाली भातशेती, वर वाघजाईचं देऊळ. शिमग्याला तिथं देवीची पालखी निघते. तुमच्याकडं पालखी चालते — तिकडं पालखी नाचते! एक दांडा पुढच्याच्या खांद्यावर, एक मागच्याच्या. ढोल घुमला की दोघं अंगणात फेर धरतात. खाली वाकतात, गिरकी घेतात, मध्ये देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, लखलखतात. हात न लावता बरं का! नुसत्या खांद्यावर! त्या दोघांना म्हणतात खांदेकरी.

पुढचा खांदेकरी जानू पाष्टे. मागचा बाबाजी मांडवकर. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, उंची अगदी एक. वीस वर्षं ही जोडी नाचली. जानूच्या उजव्या खांद्यावर दांड्यानं घट्टा पडला होता, सुपारीएवढा. बायको अनुसया त्याला तेल चोळायला गेली की म्हणायचा, "तिथं हात लावू नको. ती देवीची जागा हाय."

आता त्या गावची एक रीत ऐका. पालखी निघायच्या आधी एक महिना खांदेकऱ्यानं पाळणूक पाळायची. मासळी नाही, मटण नाही, तेला-तुपाचं बोट नाही. खायचं काय? उकड्या तांदळाचा भात, नाचणीची भाकरी, पेज, उकडलेली रताळी, बिनफोडणीची वालाची आमटी, शेवग्याचा पाला. आणि किती खायचं? — पोटभर! उपास नाही हो! खांद्यावर देवी घ्यायची, तर उपाशी माणूस गिरकी कशी घेणार? अनुसया भाताचा ढीग वाढायची, जानू तो संपवायचा, वर भाकरी मोडायचा. आणि शिमग्याला उभा राहायचा तेव्हा पोट पाठीला लागलेलं!

मग काय झालं? जानूनं तालुक्याला एसटी स्टँडासमोर वड्याची टपरी टाकली. चांगली चालली. पण पहिला घाणा चाखायला कोण? जानू! संध्याकाळी उरलेले वडे कुणाचे? जानूचे! चुरा फेकवत नाही, तोही जानूचा! गावाला यायचा शिमग्याच्या आदल्या दिवशी. पाळणूक? "आरं, धंद्यात कुठली पाळणूक!" आठ वर्षांत अडुसष्ट किलोचा जानू एकशे एकाचा झाला. गंमत वाटते ना? मलाही वाटली होती, माझा काटा शंभरावर जाईपर्यंत.

एका शिमग्याला पालखी पाटलांच्या अंगणात नाचत होती. ढोल चढला. बाबाजीनं मागून आरोळी दिली — "होऽऽ!" जानू वाकला... आणि गुडघ्यातून उठेना. छाती भात्यासारखी वर-खाली. दांडा कलंडला, रूपं सरकली, बायका ओरडल्या! मागून बाबाजी म्हणाला, "जानू, खाली उतर. देवी पडंल."

जानूच्या खांद्यावरचा दांडा दुसऱ्यानं घेतला. जानू अंगणाच्या कडेला बसला, आणि पालखी पुढच्या घरी गेली.

मंडळी, ढोल लांब लांब जात होता आणि हा माणूस तिथंच बसून होता. रडला नाही. उजवा हात डाव्या बाजूनं... नाही, चुकलो, डावा हात उजव्या खांद्यावर नेला आणि घट्टा चाचपू लागला. घट्टा सापडेना! मांसात बुडून गेला होता. त्या दिवसापासून तो बाबाजीशी बोलला नाही. टपरीही सकाळ-संध्याकाळच उघडी ठेवून दुपारी गावाला घरी यायला लागला.

आता माणूस ठेच लागली की शहाणा होतो, असं तुम्हाला वाटतं? छे! आधी तो मोबाईल उघडतो! मोबाईलवर कुणी एक जण जानूला सांगत होता — "भात म्हणजे विष. भाकरी म्हणजे विष. पिष्ट दिसलं की पळा!" जानूनं भात सोडला. कोकणातल्या माणसानं, स्वतःच्या शेतात भात पिकवणाऱ्यानं, भात सोडला! त्याऐवजी काय? तळलेली सुरमई, चार-चार अंडी, मूठ-मूठ काजू, चहात तूप. चहात तूप, काकू! दोन महिन्यांत सहा किलो उतरला, गावभर सांगत सुटला. पुढच्या चार महिन्यांत आठ किलो वाढला, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

पण मला वजनाचं सांगायचं नाही, ओढीचं सांगायचंय. दुपारी अनुसया भात वेळून त्याची पेज काढायची. झाकण उघडलं की उकड्या तांदळाचा वास घरभर. जानू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. "काय पायजे?" — "काय नाय." पाणी प्यायचा, परत यायचा. पुन्हा दारात! त्याला भात हवा होता आणि भातामागं सगळंच हवं होतं — ती पाळणूक, तो ढोल, खांद्यावरचं ते ओझं. पुढचा शिमगा आला तेव्हा पालखी अंगणात आली तरी हा घराबाहेर आला नाही. आतून दाराच्या फटीतून बघत होता. बाबाजी मागच्या दांड्याला होता. पुढं कुणी दुसराच.

आणि मग ती कोंबड्यांची गोष्ट घडली. आता हसाल, पण जपून हसा. अनुसया रोज मूठभर भात कोंबड्यांसाठी वाडग्यात काढून गोठ्याशी ठेवायची. काही दिवस कोंबड्या कलकलाट करायला लागल्या. तिला वाटलं, मुंगूस येतंय. काठी घेऊन दबा धरून बसली. आणि बघते तर काय? मुंगूस नव्हे — नवरा! एकशे तीन किलोचा नवरा गोठ्याआड उकिडवा बसून कोंबड्यांचा भात खातोय! कोरडा, आदल्या दिवशीचा, मीठसुद्धा नाही. आणि खाताना डोळे मिटलेले.

अनुसयाच्या हातातली काठी खाली पडली. "आवो," ती म्हणाली, "कोंबड्यांच्या तोंडचं खाताय? माझ्या हातचं नाय का मागायचं?"

जानू तोंडात घास धरून तसाच. "भातानं चरबी वाढते गं."

मग ती बाई जे बोलली, ते मांडवातल्या प्रत्येकानं कान देऊन ऐका! "वीस वरसं पाळणुकीला मी वाढलंय तुमाला. असा ढीग! दोन येळा! तवा कुठं वाढली चरबी? तांदूळ तोच हाय, शेत तेच हाय. टपरीच्या कढईतलं तेल तेवढं नवीन हाय. आन् तुमी रुसलाय कुणावर? भातावर!"

जानू हळूच म्हणाला, "पाळणूक खांदेकऱ्याची असते. माझा खांदा कुठं ऱ्हायलाय?"

"खांदा देवीचा. तो ती घेईल, नायतर देईल. पाळणूक आपली. चला, हात धुवा, गरम भात वाढते."

मंडळी, त्या दुपारी जानू जेवला. भात, वालाची आमटी, अळूची भाजी, कशावर तेलाचा थेंब नाही. तीन वेळा भात मागून घेतला. जेवताना नाकातून पाणी गळत होतं, आणि तो म्हणत होता की मिरची झालीय. आमटीत मिरची नव्हती!

एक महिन्याची पाळणूक त्यानं वर्षभर धरली. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भाताचा ढीग, संध्याकाळी भाकरी नाहीतर रताळी. पोट भरलेलं, म्हणून चिडचिड नाही, म्हणून टपरीवर हात कढईकडं जाईना. वडे तळायचे आणि खायचे नाहीत! मोठमोठ्या तपस्व्यांची परीक्षा अप्सरा घेतात, याची गरम वड्यांनी घेतली! डॉक्टरांकडं गेला. त्यांनी रक्त तपासलं, बी-बारा कमी निघालं, त्याची गोळी दिली. घेतली हो मुकाट्यानं! देवीवर भक्ती आहे म्हणून गोळी चुकवायची नसते.

सरळ उतरला का? अहो, नाही! अठ्ठ्याऐंशीवर काटा अडला, तीन महिने हलेना. जानू देवीला बोल लावायला लागला. मग अनुसयाला सदरा धुताना खिशात काजूची टरफलं सापडली. झाडाखालच्या बिया वेचायच्या, भाजायच्या आणि जाता-येता मूठ-मूठ! "ही कुठल्या पाळणुकीत बसतात?" जानू म्हणे, "झाडाचंच हाय ना!" झाडाचं आहे, पण तेलाची पिशवीच की ती! मूठ बंद झाली, काटा हलला.

त्या साली शिमग्याला तो बाहेर आला. पण गर्दीच्या मागं, आंब्याला टेकून उभा राहिला. पाय ढोलावर आपोआप हलत होते. पुढं जाऊन "मला खांदा द्या" म्हणायचं? जीभ रेटेना. बाबाजीनं एकदा आंब्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. आणि मंडळी, जानूच्या एक ध्यानात आलं. बाबाजी नाचत होता, पण "होऽऽ" अशी आरोळी देत नव्हता. अख्ख्या शिमग्यात एकदाही नाही.

आणखी एक वर्ष गेलं. जानू सत्तरीच्या घरात... वजनानं हो, वयानं नाही! वय त्रेपन्न. डोंगर चढून देवळात जायला लागला, धाप न लागता. एक दिवस आंघोळ करताना खांद्यावर हात गेला आणि तिथं काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढं नाही, वालाच्या दाण्याएवढं. "अनू! अगं अनू!" — ओल्या अंगानं हाका मारत सुटला!

शिमगा आला. पालखी दारात आली. अनुसयानं खांदेकऱ्यांचे पाय धुतले, देवीची ओटी भरली. ढोल सुरू झाला. आणि मागच्या दांड्याचा बाबाजी हललाच नाही! पुढचा खांदेकरी नाचायला बघतोय, मागचा खांब होऊन उभा. ढोल थांबला. गावकरी म्हणतात, काय झालं, काय चुकलं?

बाबाजी म्हणाला, "जानू. पुढं ये."

तीन वर्षांनी आलेला पहिला शब्द! जानूचा राग उफाळला. "तूच उतरवलंवतंस मला. चारचौघात!"

"उतरवला. देवी पडली असती, आन् तू तिच्याखाली मेला असतास. मग मी कुनाबरोबर नाचलो असतो?" बाबाजीनं खांद्यावरचा दांडा सावरला. "तीन वरसं तो दांडा माझ्या खांद्याला वाकडा लागतोय, जानू. कुनाचीच उंची जुळत नाय. ये लवकर. माझंबी वय व्हतंय."

जानू पुढं गेला. दांड्याखाली खांदा दिला. ओझं उतरलं त्या जागेवर, नेमकं त्याच जागेवर! डोळे मिटले. आणि मागून, अंगण दणाणून सोडणारी आरोळी आली — "होऽऽऽ!"

नाचले हो! एक फेरी. दोन फेऱ्या. तिसरीला अनुसया दारात बसून रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. मग पालखी खाली टेकली, नैवेद्य झाला, आणि दोन्ही दोस्त ओसरीवर एका पानात जेवायला बसले. ढीगभर भात होता. जानूनं पहिला घास बाबाजीच्या तोंडात घातला.

तर आजोबा, सांगा आता! देवीपाशी गेला तेव्हा जानूचं पोट रिकामं होतं की भरलेलं? — भरलेलं! अन्नाशी भांडून गेला नाही, साधं अन्न पोटभर खाऊन गेला. आणि तुम्ही? कीर्तन संपलं की प्रसाद आहे. मी येताना मुदपाकखान्यात डोकावलोय! जिलबी आहे, भजी आहेत, आणि भात बिचारा कोपऱ्यात, त्याच्यावर तुपाची धार सोडायला एक जण पळी घेऊन टपलेला! भात मागून घ्या, दोनदा घ्या, आमटी घ्या. त्या पळीवाल्याला हात जोडा. आणि प्रत्येकानं मनाशी आठवा, कुठला दांडा खांद्यावरून उतरलाय? कुणाला नातीला कडेवर घेऊन जिना चढायचाय. कुणाला मंगळागौरीत बहिणीचे हात धरून एक फुगडी घालायचीय. तिकडं कुणीतरी वाट बघतंय हो! त्याच्या खांद्याला सुद्धा दांडा वाकडा लागतोय!

आता माझं. काकू, आला तुमचा नंबर! हरिदासानं देवापुढं नाचायचं असतं. माझे वडील याच मांडवात चिपळ्या घेऊन गिरकी घ्यायचे, या आजोबांनी पाहिलंय. मी अकरा वर्षं एका जागी उभा राहून कीर्तन करतोय. गेल्या साली फेरी धरायला गेलो, तर अर्ध्यात खुर्ची आणावी लागली. तुम्हीच आणलीत, काकू. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणालो, मला पाळणुकीचं जेवण वाढ. चौदा किलो गेले. अजून पुष्कळ जायचेत. पण ज्या गिरकीची वाट बघतोय, ती चौदातच जमतेय का, ते आज बघायचंय.

अण्णा, मृदंग घ्या. जरा सावकाश. खुर्ची तिथंच असू द्या, पण आणू नका. देवा, उशीर झाला, रागावू नको. मंडळी, हात वर करा, नाव घ्या त्याचं —

होऽऽऽ!