कुंपणापाशी फुललेली कोरांटी

"हॅलो? ...हॅलो, तनुजा का? ...मी बोलतेय, हर्सूलहून. ...व्हय, मीच. ...नाय नाय, शिवराज बराय. घाबरू नको."

आवडाबाईंच्या मुलाशी, शिवराजशी सोडचिठ्ठी होऊन तनुजा माहेरी पैठणला गेली, त्याला पाच महिने झाले होते. त्यांनी तिला एकदाही फोन केला नव्हता. आज नंबर लावायलाच अर्धी सकाळ गेली.

"अगं ऐक ना... तू खुलताबादच्या डोंगरातून आणून कुंपणापाशी लावलं होतंस ना... कोरांटी, तरवड, अन् ते बारकं निळं... हां, विष्णुक्रांता. फुललंय सगळं! ...लई! पिवळंधमक. सकाळी मधमाशांचा नुसता घोंघाट... फुलपाखरं? अगं, बघत बसले तर चहा निवला माझा. ...पाणी? कुठलं पाणी! नळ आठ-आठ दिवसांनी येतो. माझा गुलाब गेला, मोगरा गेला... तुझं रान तेवढं राहिलं."

तनुजा हसली. पण आवडाबाईंनी ज्यासाठी फोन केला होता, ते अजून सांगायचंच होतं.

"तनुजा... थांब, बोलू दे मला. तू गेलीस ना, त्याच आठवड्यात मी कोयता घेतला अन् सगळं बुडापासून तोडलं. ...व्हय, मीच. शिवराजनं नाय. ...तुझा राग नव्हता गं. घर रिकामं झालं, त्याचा होता. ...हॅलो? आहेस ना? ...रडू नको. पावसाळ्यात मुळातून फुटलं बघ, आपलं आपण. ...काय? छाटल्यावर जोमानं येतं? ...अशी कशी गं तू! मला चार शब्द सुनावायचे सोडून..."

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"बरं, ऐक. बुडाशी बारकी रोपं लई उगवलीत. दुधाच्या पिशव्यांत भरून ठेवलीत तुझ्यासाठी. ...नाय, तू इथं कशाला येशील? कळतं मला. मीच येते एसटीनं. ...रविवारी? ...तुझ्या आईला चालेल का पण? विचार आधी."

पलीकडं दोघी मायलेकी हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात? ...मुक्कामालाच या? ...अगं, पण आता कोण म्हणून येऊ मी तुझ्याकडं?"

तनुजानं उत्तर दिलं. आवडाबाईंना ते अगदी नीट ऐकू आलं.

"...खरखर येतेय फोनमधी. परत म्हण."

तिनं परत म्हटलं.

"बरं... येते गं, लेकी. ठेव आता."