पळणीला कोण चालणार

“व्हॅनमध्ये बसायला मी काय तांदळाचं पोतं आहे, रघू?” पळणीच्या देवळापर्यंतच्या पदयात्रेच्या यादीत आमच्या चिरंजीवांनी माझं नाव सामानाच्या व्हॅनखाली लिहिलं होतं, त्यावरून सकाळपासून जुंपली होती.

“आई, सत्तरी ओलांडलीस. पाच-सहा दिवस चालायचंय!”

“मग चाल की. मी कुठे म्हणते मला पाठीवर घे?”

त्या वर्षी परदेशी कंपन्यांचे बूट तंजावुरात नुकतेच मिळू लागले होते. ह्यानं स्वतःला, सुनेला, नातीला एकेक जोड आणला आणि महिनाभर राजवाड्याभोवती सराव केला. मीही रोज त्यांच्या मागून अनवाणी चालत होते, ते कुणाच्या खिजगणतीत नाही. शेवटी सून म्हणाली, “रविवारी तिरुवैयारूपर्यंत चालून बघू, मग ठरवा.”

शनिवारी देवळात यात्रेची माळ घालायला गेलो. यात्रा नेणारे गुरुस्वामी म्हणाले, “माळ घातली, आता चप्पल-बूट बंद.” रघूचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! जन्म तंजावुरात गेला, पण बुटांच्या नादात एवढी साधी रीत विसरला.

रविवारी आठ मैल अनवाणी चाललो. कावेरीच्या घाटावर तिघंही पाय पाण्यात सोडून बसली, तळव्यांना हे टपोरे फोड. तरी रघूचं आपलं चालूच, “आई, तू व्हॅनमधूनच...”

मी पदर खोचला आणि म्हटलं, “फोड बसले की ऑटोनं या, मी तोवर चालत घरी जाऊन भात लावते.”