जुना मुरलेला आय-फाइव्ह

चौथ्या पिढीचा तो आय-फाइव्ह कॉम्प्युटर खपला, तर बालाघाटच्या पवन दुकानदाराची तीन वर्षं अडलेली फळी मोकळी होणार होती. म्हणून वारासिवनीचे तांदळाचे व्यापारी महागूजी त्याच्या दुकानात लेकीशी, नूतनशी, वाद घालू लागले तेव्हा तो कान देऊन ऐकू लागला.

“बाबा, समोरच्या दुकानात बाराव्या पिढीचा आहे. तोच घेऊ.”

“नवा? काहून? तांदूळ जेवढा जुना, तेवढा भात मोकळा होते.”

“हा तांदूळ नाही जी बाबा! प्रोसेसर जुना झाला का सुस्तावते.”

“पवनभाऊ, मुरला आहे ना चांगला?”

“हौ काका, मस्त मुरला आहे!”

“ऐकलं, नूतन?”

“मंग शिजवून दाखवा म्हणा. भाऊ, चालू करा.”

पवनने बटण दाबलं आणि चहा मागवला.

“झाला काय चालू?”

“पडद्यावर गोल फिरून राह्यलं, काका. अजून एक चहा घ्या.”

“तिसरा कप आहे हा!”

“बाबा, एवढ्यात भात झाला असता.”

“हौ, अन् जेवून हातही धुतले असते. चाल समोर.”

नवा कॉम्प्युटर समोरच्याने विकला, सहा कप चहाचे पैसे पवनने दिले, आणि फळीवरचं गोल अजून फिरतच होतं.